मावळतीचे पोर्ट्रेट आणि फ्लॅश: अनुभव लिहा

गोदाकाठची: ग्रुपवर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरचे प्री-वेडिंग फोटो आले. आकाश मस्त केशरी, जोडी मात्र पांढरीफटक! जुना वाद आठवला: एक्स्पोजर ठरवताना आधी आकाश की आधी फ्लॅश? आकडे टाका, 'सराव करा' नको.

मॅन्युअलराव: आधी आकाश. फ्लॅश बंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, आणि आकाश कॅमेऱ्याच्या मीटरपेक्षा एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाइतकं) गडद येईल असं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र). मग फ्लॅश १/८ ताकदीवर, तिथून वर-खाली. शटरने आकाश बदलतं, फ्लॅशचा उजेड नाही. अ‍ॅपर्चरने दोन्ही बदलतात, सगळं फिसकटतं ते तिथेच. ऊन उतरेल तसं १/१२५, १/८० असं खाली या, बाकी कशाला हात लावू नका. १/६० च्या खाली जोडी हलली की कडांना भुतं (दुहेरी पुसट छटा) दिसतात.

पंचवटीकर: पांढरीफटक कारण फ्लॅशवर जेल (रंगीत पारदर्शक कागद) नाही. पाव सीटीओ (केशरी जेल, पाव तीव्रतेचा) बहुतेकदा पुरतो, सूर्य अगदी टेकला की अर्धा. पूर्ण लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स डेलाइटवरच ठेवलात तर नवरी थेट हळदीतून उठून आलेली! ऑटो बॅलन्स तर नकोच, आकाशाचं केशरी खाऊन टाकतो.

मिसळपंथी: मॅन्युअलराव, एफ/१.८ इतकं उघडं अ‍ॅपर्चर हवं असेल तर? हायस्पीड सिंक (फार वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारा मोड)?

मॅन्युअलराव: त्यात दोनेक स्टॉप ताकद जाते, वर फ्लॅश तापतो. त्यापेक्षा लेन्सवर ३ स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा राखाडी फिल्टर) लावा. तो फ्लॅशही कापतो, पण उघड्या अ‍ॅपर्चरने भरून निघतं. हायस्पीड चालू न करता १/५०० केलंत तर फ्रेममध्ये काळा पट्टा येणार.

गोदाकाठची: आणि फ्लॅश ठेवायचा कुठे?

सोमेश्वरी: सूर्य मागे डावीकडे, तर फ्लॅश पुढे उजवीकडे, डोक्यापेक्षा हातभर वर. छत्री (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी) चेहऱ्यापासून दीड मीटरवर. तीनवर नेली की उजेड चौथाई. बॅकवॉटरला वारा सुटतो, स्टँडला पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगाच.

मिसळपंथी: ताई, कॅन परतताना रिकामा, मग मिसळ! 😄

पंचवटीकर: पापड भाजलेला की तळलेला ते आधी ठरवा.

गोदाकाठची: अहो, विषय! नवरदेवाला चष्मा आहे, काचेत छत्री दिसते.

सोमेश्वरी: छत्री आणखी बाजूला आणि वर न्या. तरी दिसली तर चष्म्याच्या काड्या कानांवरून जरा उचला, काचा खाली झुकतात. एक बोट पुरे, जास्त उचलल्या तर फ्रेम डोळ्यांवर येते.