मदत हवी आहे: आत्याच्या जुन्या बार्बीचे कान हिरवे पडलेत

मंडळी, माझी आत्या न्यू जर्सीत राहायला गेली तेव्हा शेजारच्या बाईंनी तिच्या लेकीला एक वापरलेली बार्बी दिली होती. ती आता माझ्याकडे आली आहे. आखूड, फुगीर केस (यालाच बबलकट म्हणतात), आणि गुडघ्यात न वाकणारे सरळ पाय. कमरेखाली मागच्या बाजूला मिज 1962 आणि बार्बी 1958 अशी दोन्ही नावं कोरलेली आहेत.

बार्बी लोकांसमोर आली ती 9 मार्च 1959 ला, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात. रूथ हँडलर यांनी जर्मन लिली बाहुलीवरून ती घडवली. म्हणजे कोरलेलं साल हक्काच्या नोंदीचं, बनवल्याचं नव्हे, एवढं समजलं. मिज ही बार्बीची मैत्रीण 1963 मध्ये आली आणि दोघींना धड एकच असायचं. बबलकट 1967 पर्यंत विकली जात होती. मग माझी या चार-पाच वर्षांतली नेमकी कधीची, हे कशावरून ओळखायचं? ओठांच्या रंगावरून काही कळतं का?

पण खरी काळजी कानांची आहे. मोत्याच्या कुड्यांच्या तारेतलं तांबं व्हिनाइलमध्ये उतरून दोन्ही कानांभोवती हिरवे डाग पसरलेत. कुड्या मी लगेच काढल्या. मुरमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावतात म्हणे, पण त्याने आजूबाजूचा रंगही फिका पडतो. गालांची लाली गेली तर परत येणार नाही. कुणी स्वतः करून पाहिलंय का? मलम किती दिवस ठेवलं, आणि डाग पुन्हा वर आला का? आत्या दिवाळीला येतेय, त्याआधी घाईने काही बिघडवायचं नाहीये.