अनुभव धागा: आईबाबांच्या हातात देण्यासारखा छोटा कॅमेरा

परळकरीण
आईला पंचाहत्तरीनिमित्त छोटा डिजिटल कॅमेरा द्यायचा विचार आहे. घरात रीळवाला कॅमेरा होता तेव्हा तो तिच्याच ताब्यात असायचा. ३६ फोटोंचं एक रीळ ती गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायची. आता मोबाईल आहे, पण फोटो काढायला जाते आणि भलतंच काही उघडतं, नाहीतर स्वतःच्याच हनुवटीचा फोटो निघतो.

मेगापिक्सेलचे आकडे नेटवर मिळतात, ते नकोत. तुमच्या आईवडिलांनी, सासूसासऱ्यांनी कॅमेरा खरंच वापरला का? आणि कपाटात गेला असेल तर कशापायी गेला? सविस्तर लिहा. आपल्या पावसाळ्याचंही लिहा.

गिरगावकर
बाबांचा चष्मा बायफोकल. कॅमेऱ्याचा स्क्रीन हातभर लांब धरला की ना वरच्या भिंगातून नीट दिसतं, ना खालच्या. मग मान मागे, हनुवटी वर, कॅमेरा पुढे-मागे, आणि तेवढ्यात पक्षी उडालेला. शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो तेव्हा तर ऊन इतकं होतं की मलाही स्क्रीनवर काही दिसेना.

पुढचा कॅमेरा घेताना एकच अट ठेवली: डोळ्याला लावायची खिडकी हवी. म्हणजे व्ह्यूफाइंडर. छोट्या कॅमेऱ्यांत तो मोजक्यांनाच असतो. सोनीच्या एचएक्स९०व्हीला आहे, कोपऱ्यातून टपकन वर येतो. पॅनासॉनिकच्या टीझेड मालिकेतही काहींना आहे. त्याच्या शेजारी डायॉप्टरचं, म्हणजे खिडकीतलं दृश्य आपल्या डोळ्याच्या नंबराला जुळवायचं, बारीक चाक किंवा खटका असतो, आणि खरी गंमत तिथे आहे. बाबांना चष्मा काढून डोळा लावायला सांगितलं आणि मी हळूहळू खटका सरकवत राहिलो. एका जागी म्हणाले, "थांब. समोरची पाटी वाचता येतेय." तेव्हापासून फोटो काढताना चष्मा खिशात.

आणखी एक फायदा म्हणजे कॅमेरा कपाळाला टेकतो आणि कोपरं अंगाशी येतात, त्यामुळे हात कमी हलतो. ३० पट झूम लावल्यावर याची फार गरज पडते. तोटाही सांगतो. असल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखापेक्षा लहान असतो. दिवेलागणीनंतर किंवा लग्नाच्या हॉलमध्ये आजचा बरा मोबाईल त्याला सहज मागे टाकतो. बाबा सकाळी फिरणारे, म्हणून आमचं निभावलं.

मुलुंडची सून
सासूबाईंना चार्जर या वस्तूचाच राग आहे. घरात आधीच चार चार्जर, त्यात कॅमेऱ्याची बॅटरी बाहेर काढून वेगळ्या डबीत लावायची, म्हणजे संपलंच. त्यामुळे आम्ही पेन्सिल सेलवर चालणारा निकॉनचा कूलपिक्स ए१० घेतला होता. सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे, पंढरपूरला असो की गाणगापूरला. मात्र रिमोटमधले स्वस्त सेल घालू नका, जरा फ्लॅश मारला की मान टाकतात. अल्कलाईन घ्या किंवा रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राईड घ्या. त्यातही 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले बघा, ते महिनोन्महिने पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात. (हो, त्यांना चार्जर लागतो. तो मी सांभाळते.)

निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनू मराठीत करता येतो. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं, सेटिंगमध्ये भाषांची यादी खाली सरकवताना दिसलं. ए१० आता बंद झालाय. पेन्सिल सेलवाला नवा हवा असेल तर कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ बघा. कोडॅकचं फक्त नाव आहे, कॅमेरा दुसरीच कंपनी काढते. पण साधा आहे.

अंधेरी ईस्ट
स्पष्ट लिहितो, राग नसावा. मोबाईलच द्या. होम स्क्रीनवर कॅमेरा आणि फोन एवढेच दोन आयकॉन ठेवा. फोटो आपोआप साठतो, नातवाला लगेच जातो. कॅमेऱ्यातला फोटो कार्डातच राहतो.

मुलुंडची सून
@अंधेरी ईस्ट, सासूबाईंची बोटं इतकी कोरडी पडलीत की टचस्क्रीनला त्यांचा स्पर्शच कळत नाही. पाण्यात बोट बुडवून टेकवतात. दाबलं की खाली जाणारं बटण त्यांना कळतं. बाकी फोटो कार्डात राहतो हे मान्य.

बोराबझारवाला
फोर्टात कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर बरीच वर्षं काढली, म्हणून चार गोष्टी.

ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना बरोबर आणा. सरप्राईज वगैरे ठेवू नका. कॅमेरा त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. मुलं काय करतात, आई बटण शोधत असते आणि हे हातातून ओढून "अगं, हे बघ" म्हणतात. तिला स्वतःला चालू करू दे, झूम करू दे, काढलेला फोटो परत उघडू दे. कुठे अडते ते तुम्हाला दिसेल. बहुतेक जणी एकाच जागी अडतात. पातळ कॅमेऱ्यात चालू-बंदचं बटण आणि फोटोचं बटण शेजारी, दोन्ही सपाट. फोटो काढायला जावं आणि कॅमेराच बंद व्हावा. म्हणून जरा जाडा, उजवीकडे पकडीला उंचवटा असलेला घ्या. ज्यात फोटोच्या बटणाभोवती झूमची कडी असते, तो अंधारातही चाचपून कळतो. मनगटाची दोरी पहिल्या दिवसापासून बांधा.

बटण अर्धं दाबून थांबायचं, टुक वाजलं की पूर्ण दाबायचं, हे शिकवाच. रीळवाल्या साध्या कॅमेऱ्यात सवय एकदम दाबायची, म्हणून फोटो पुसट येतात आणि दोष कॅमेऱ्याला.

सेकंडहँड घेणार असाल तर हल्ली कॉलेजच्या पोरांना जुन्या डिजिकॅमचं वेड लागल्यामुळे भाव चढलेत, हे धरून चला. मोबाईलचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारून बघा, आत पांढरे तंतू दिसले तर ठेवून द्या. कार्ड कोणतं लागतं ते आधी विचारा. जुन्या ऑलिंपस-फुजीत एक्सडी, जुन्या सोनीत मेमरी स्टिक, ही आता शोधत फिरावी लागतात. फार जुना एसडीवाला असेल तर २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतही नाही. नवा घेतलात तर बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी कंपनीची की दुकानाची ते तोंडावर विचारा. "बिलाशिवाय स्वस्तात देतो" म्हणणारा सहा महिन्यांनी ओळख दाखवत नाही.

पार्ल्याची ताई
पावसाळ्याबद्दल विचारलंय, तर तंतूंचं मी सांगते. बुरशी ती. नानांचा कॅमेरा चामड्याच्या पाऊचमध्ये, पाऊच कपाटाच्या तळच्या खणात, जून ते सप्टेंबर. इतक्या निगुतीनं ठेवलेला कॅमेराच गेला. चामडं ओल धरून ठेवतं. आणि छोट्या कॅमेऱ्याची लेन्स घरी उघडता येत नाही, दुरुस्तीला सांगतात ते पैसे ऐकून नवाच घ्यावासा वाटतो.

आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल. रंग बदलणारं आणलं की कळतं. निळं असेल तर ते ओल पिऊन गुलाबी होतं, केशरी असेल तर हिरवं. मग तापवून पुन्हा कोरडं करून वापरायचं. त्याहून चांगला उपाय म्हणजे दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून वापरणं. आणि एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढू नका, काचेवर धुकं धरतं. पुसू नका, जरा थांबा, आपोआप जातं.

वसईकर
+१ पावसाळ्याला. त्यात वाळू जोडा. आमच्या अण्णांचा कॅमेरा समुद्रावर नेला, लेन्सच्या नळीत वाळूचा कण गेला, नळी अर्धी बाहेर येऊन अडकली आणि स्क्रीनवर लेन्स एरर. ज्यांची लेन्स बाहेर येतच नाही असे कॅमेरे असतात, ऑलिंपसचा टफ टीजी-६ तसा आहे, पाण्यातही चालतो. महाग आहे, आणि बटणं घट्ट वाटतात. संधिवात असेल तर आधी दाबून बघा.

लालबागची लेक
आमच्याकडे कॅमेरा चालला तो अल्बममुळे. आई फोटो स्क्रीनवर बघतच नाही, छापून आणते. पहिल्या खेपेला लॅबमधून चार बाय सहाचे प्रिंट आले आणि दर दुसऱ्या फोटोत कुणाचा फेटा उडालेला, कुणाचे पाय. गणपतीच्या फोटोत मूषकच नाही! लॅबचा दोष नव्हता. छोटे कॅमेरे फोटो ४:३ मापाचा काढतात आणि चार बाय सहाचा कागद ३:२. वर-खाली कापलं जाणारच. ज्या कॅमेऱ्यात सोय आहे त्यात माप ३:२ करून ठेवा, नाहीतर लॅबवाल्याला सांगा की फोटो पूर्ण घ्या, कडेला पांढरी पट्टी आली तरी चालेल.

अंधेरी ईस्ट यांच्या मुद्द्यावर: टाईप-सीचा कार्ड रीडर मिळतो, तो माझ्या मोबाईलला लावून फोटो घेते. वायफायवालं ॲप आईला कधी जमलं नाही, मलाही फारसं नाही. टीव्हीच्या यूएसबीत तोच कार्ड रीडर घातला तर आमच्या टीव्हीवर फोटो दिसतात. रविवारी मामा-मावशी आले की हाच कार्यक्रम.

ठाणेकर
बाबांचा हात कापतो. त्यामुळे 'ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन', म्हणजे हात हलला तरी लेन्समध्येच सावरून घेण्याची सोय, असलेलाच घेतला. फक्त डिजिटल लिहिलं असेल तर त्याचा तेवढा उपयोग नाही. पण बटण दाबतानाचा धक्का त्यानेही पूर्ण जात नाही. त्यावर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावतो. बटण दाबायचं, दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी घट्ट धरायचा, फोटो नंतर निघतो. नातवंडं तेवढ्यात हलतात ती गोष्ट वेगळी. झाडं-देवळं मस्त येतात.

परळकरीण
@ठाणेकर, टायमर दर वेळी नव्याने लावावा लागतो का? आई तेवढं लक्षात ठेवणार नाही.

ठाणेकर
काही कॅमेऱ्यांत एका फोटोनंतर जातो, काहींत बंद करेपर्यंत राहतो. आमच्यात राहतो. दुकानात टायमर लावून दोन फोटो काढा, कॅमेरा बंद करून परत चालू करा, लगेच कळेल. पण वरचे दादा म्हणतात तसं, ते आईंनाच करू द्या.