टीसीएसचे शेअर ठेवू का विकू? 4200ला घेतलेत

कोथरूडकर: मंडळी सल्ला द्या. 2024च्या सप्टेंबरात टीसीएस साडेचार हजारांवर जाऊन जरा खाली आला, म्हटलं स्वस्तात मिळतोय, 4200च्या आसपास घेतले. 2025च्या ऑक्टोबरात 3000च्या घरात घुटमळत होता. 2025च्या जुलैत कंपनी 12 हजार लोकांना काढणार अशी बातमी आली तेव्हापासून रोज शिव्या चालूच, पुण्यातली आयटी कर्मचाऱ्यांची नाइट्स संघटना थेट केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली, त्यात ती वर्षात 35 दिवसांहून जास्त प्रोजेक्टविना बसायचं नाही अशी बेंच पॉलिसी, वर ट्रम्पने अमेरिकेत नोकरीच्या नव्या एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर फी लावली. ऑफिसात सगळे म्हणतात एआय या कंपन्यांचं कंबरडं मोडणार. बायको म्हणते टाटांचा आहे, राहू दे पडून.

आकडेमोड्या: टीका आणि भाव यांची गल्लत करू नकोस. कपातीची बातमी आली त्याच्या आधीच शेअर हजारभर रुपये उतरला होता. खरं दुखणं 2025च्या एप्रिल-जूनच्या तिमाही रिझल्टमध्ये आहे, डॉलर-रुपयाचा चढउतार बाजूला काढला तर रेव्हेन्यू वर्षभरात 3.1 टक्के घटला. त्यात बीएसएनएलचं काम आटोपत आल्याचा मोठा वाटा, पण बाहेरचे क्लायंटही हात आखडूनच होते. नफ्याचं मार्जिन त्या तिमाहीत 24-25 टक्के होतं, कंपनी बुडत वगैरे नाहीये, वाढत नाहीये एवढंच. आणि वाढत नसलेल्या कंपनीला मार्केट तिशीचा पीई, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या तीसपट भाव, कशाला देईल? 4200 परत बघायचा तर ग्रोथ यायला हवी, नुसतं धरून बसून काय होणार.

गिरगावचे काका: माझे 2004च्या आयपीओतले, म्हणजे शेअर पहिल्यांदा विकायला काढले तेव्हाचे, 850ला. 2006, 2009, 2018 असा तीनदा एकास एक बोनस (एका शेअरवर एक फुकट), म्हणजे एकाचे आठ, 106 रुपयांना एक पडला. 2024-25चा डिव्हिडंडच शेअरमागे 126 आला, मी कशाला विकतोय! पण तू माझं बघून ठेवू नकोस. तुझ्या 4200वर ते तीन टक्के होतात, त्यातले 66 तर स्पेशल, नेहमी न मिळणारे होते आणि वर स्लॅबप्रमाणे टॅक्स. त्यापेक्षा एफडी बरी.
जुने शेअर असलेल्यांनी एक बघा: 2018चा बोनस 31 जानेवारी 2018 नंतर आला म्हणून टॅक्ससाठी त्याची कॉस्ट (खरेदी किंमत) शून्य धरतात, आधीच्या शेअरांना मात्र कॉस्ट म्हणून त्या दिवशीचा भाव मिळतो, तो तीन हजारांवर होता. डीमॅटमधून जुने आधी जातात, त्यामुळे पहिले अर्धे तीन हजारांच्या आसपास विकले तर टॅक्स जवळपास नाहीच, चटका बसतो तो उरलेल्या अर्ध्यांना.

फेज थ्री: नोकरी कुठे करतोस ते आधी सांग. पगार आयटीचा, फ्लॅटचा हप्ता त्या पगारावर आणि शेअरही आयटीचेच, म्हणजे सगळी घरटी एकाच फांदीवर. आमच्याकडे परवाच दोघांना हातात पत्र दिलं.

कोथरूडकर: मी आणि बायको, दोघंही आयटीतच 😐 काका, लॉसचं काय होतं?

गिरगावचे काका: वर्ष उलटलं ना, मग लाँग टर्म लॉस. रिटर्न वेळेत भरलंस तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण वजा होतो फक्त लाँग टर्म नफ्यातून. म्युच्युअल फंडात तसा नफा असेल तर यंदाच वापरून टाक.

कोथरूडकर: फंडात आहे नफा. मग अर्धे मार्चच्या आत काढतो, बाकीचे जानेवारीचा रिझल्ट बघून. आता बायकोला कसं सांगायचं तेवढं कोणीतरी सुचवा.