कनेक्टिकटमधील गावच्या निवडणुका : रिपब्लिकन टाउन कमिटीत काम केलेल्यांचे अनुभव

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १६९ गावे आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या निवडणुका विषम वर्षाच्या नोव्हेंबरात, म्हणजे अध्यक्षपदाच्या गदारोळापासून दूर होतात. आपल्यापैकी काहींनी या हंगामात स्थानिक रिपब्लिकन टाउन कमिटीचे, म्हणजे पक्षाच्या गावपातळीवरील समितीचे, काम केले आहे, काही जण उमेदवार म्हणून उभेही राहिले आहेत. वॉशिंग्टनची चर्चा बाजूला ठेवून, गावात प्रत्यक्ष काय घडले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

२०२३ च्या सप्टेंबरात मी मतदारांची यादी घेऊन दारोदार फिरले. यादीत निम्म्याच्या आसपास घरे कोणत्याही पक्षात नोंदणी नसलेल्यांची होती. राज्यात हाच सर्वांत मोठा गट आहे. दुसऱ्याच दारी एका आजोबांनी विचारले, "मिल रेट किती वाढणार?" आणि मला उत्तर देता आले नाही. घराच्या बाजारभावाच्या ७० टक्के रक्कम करासाठी धरली जाते आणि तिच्या दर हजार डॉलरमागे जितके डॉलर कर, तो मिल रेट. म्हणजे चार लाखांच्या घराला एक मिल वाढला की वर्षाला २८० डॉलर जास्त. त्या रात्री मी गावचा अर्थसंकल्प प्रथमच ओळीने वाचला. पुढच्या आठवड्यात एका मराठी काकूंनी आत बोलावून चहा दिला आणि स्पष्ट सांगितले, "आम्ही शाळांसाठी या गावात घर घेतलं. शाळेचे पैसे कापणाऱ्याला मत देणार नाही." आमचा उमेदवार करवाढ रोखण्याचे आश्वासन देत होता आणि गावाच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा शाळांचाच होता. काकूंना मी काय उत्तर द्यायला हवे होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

*

मी शाळा मंडळासाठी उभा होतो. राज्याच्या कायद्यानुसार नऊ जणांच्या मंडळात एका पक्षाचे सहाहून अधिक सदस्य बसू शकत नाहीत. मतमोजणीत एका डेमोक्रॅट उमेदवार बाईंना माझ्यापेक्षा जास्त मते पडली, तरी त्यांच्या पक्षाच्या जागा भरल्यामुळे त्या बाहेर राहिल्या आणि मी निवडून आलो. नियम अल्पमताचा आवाज राखण्यासाठी आहे आणि तो मला पटतो. परंतु पहिल्या बैठकीत त्या श्रोत्यांत बसलेल्या दिसल्या तेव्हा मला संकोच वाटला. नंतर विशेष शिक्षणाच्या खर्चाबाबत मी त्यांना स्वतःहून फोन केला, कारण तो विषय त्यांना माझ्याहून चांगला कळत होता.

*

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे मत देता येत नाही, पण स्वयंसेवक होता येते. मतदान सकाळी ६ ते रात्री ८ चालते आणि केंद्राच्या दारापासून ७५ फुटांच्या आत प्रचार करता येत नाही. दुपारी मुलीला शाळेतून आणायला निघाले तेव्हा समोरच्या पक्षाच्या बाईंनी, मी परत येईपर्यंत, माझा फलक स्वतःच्या फलकाशेजारी धरून ठेवला.

*

मी दोन वर्षे कमिटीवर होतो आणि मग बाहेर पडलो. सुरुवातीला आमच्या बैठकांत सांडपाण्याची वाहिनी, अग्निशमन दलाची नवी गाडी, गावाबाहेरच्या शेतजमिनीवर येऊ घातलेली घरे यांवर तास-तास वाद होत, आणि मला ते मनापासून आवडत असे. २०२४ उजाडले आणि बैठकीचा सगळा वेळ राष्ट्रीय प्रचारात जाऊ लागला. वाहिनीचा विषय तीन वेळा पुढे ढकलला गेला. आता माझी नोंदणी कोणत्याच पक्षात नाही, त्यामुळे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नाही, याची खंत आहे. अर्थसंकल्पाच्या सुनावणीला मात्र मी दर वसंतात जातो आणि वाहिनीबद्दल विचारतो.