नायक तिला फसवतो ते ठीक, पण वाचकाला?

नौपाडेकरीण

आमच्या ठाण्यातल्या वाचनगटात एका ताईंच्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीचं हस्तलिखित फिरतंय. अजून छापलेली नाही. त्यांना विचारूनच इथे लिहितेय, कारण गटात सरळ दोन तट पडलेत. कथानक फुटणार आहे, नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

काळ १८१६ चा पावसाळा. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा (पंढरपूर, १८१५) ठपका ठेवून इंग्रजांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्याकडून त्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. पहारा सगळा गोऱ्यांचा. कोणा साहेबाचा मराठी मोतद्दार खिडकीखाली घोड्याची देखभाल करता करता गाणी म्हणायचा. पहाऱ्याला मराठी कळेना, आणि त्या गाण्यांतूनच सुटकेचा बेत आत पोचला. सप्टेंबरात त्रिंबकजी पसार. इथपर्यंत इतिहास.

ताईंनी या गाणाऱ्या मोतद्दारालाच नायक केलंय. चेंदणी कोळीवाड्यातली एक तरुण विधवा, तिच्या नवऱ्यामागे राहिलेली होडी, आणि सुकटीच्या निमित्ताने रोज तिच्या ओट्यावर येणारा हा. निम्मं पुस्तक तो 'मी' म्हणून बोलतो. गाव, बहीण, सावकाराकडे गेलेलं शेत, तिच्याबद्दलची ओढ, सगळं सांगतो. चौदाव्या प्रकरणात कळतं की नाव खोटं, गाव खोटं, आणि ओट्यावर तो यायला लागला तो होडीसाठी. पलायनाच्या रात्री होडी नाहीशी होते, तिच्या दिराला शिपाई धरून नेतात, आणि चुगली केली कोणी हे रहस्य शेवटापर्यंत ताणलंय.

माझ्या मते ही लबाडी नायकाच्या नावावर खपवलेली लेखिकेची लबाडी आहे. तो तिच्याशी खोटं बोलतो, बोलू दे, हेरगिरी करायची तर दुसरं काय करणार? पण रात्री तबेल्यात एकटा पडलाय, समोर चिटपाखरू नाही, तेव्हाही तो मनात ते खोटंच गाव आठवतो? हा माणूस स्वतःला फसवत नाहीये, मला फसवतोय. त्याचा डाव मला तिसऱ्या प्रकरणातच कळला असता तर पुढच्या प्रत्येक भेटीत मी तिच्यासाठी धास्तावले असते. आता काय झालं? चौदाव्यात एकदा दचकले आणि मागची सगळी ओढ खोटी वाटायला लागली.

खाडीपलीकडचा

साफ असहमत. पहिल्याच पानावर तो म्हणतो, "विचारलंत म्हणून सांगतो." कोणी विचारलं? आपण वाचकांनी? अहो, तो जबानी देतोय. पकडला गेलाय आणि साहेबापुढे बोलतोय. तबेल्यातली ती रात्रसुद्धा तो साहेबाला सांगतोय. मग खरं गाव कशाला सांगेल? तिथे बहीण आहे ना!

मला तर दुसऱ्यांदा वाचताना जास्त मजा आली. आणि वाचकाला सगळं आधीच हवं असेल तर रहस्य लिहायचंच कशाला.

नौपाडेकरीण

@खाडीपलीकडचा, ते वाक्य मीही वाचलं होतं. पण जबानीत कोणी बाईच्या मनगटावर चिकटून वाळलेल्या खवल्यांबद्दल पानभर बोलतं का? साहेबाने विचारलं असेल होडी कुणाची, आणि हा सांगतोय की ते खवले उन्हात कसे चमकतात. जबानी म्हणायची तर ते पान काढा. ते पान ठेवायचं तर जबानीची सबब चालणार नाही. दोन्ही डगरींवर हात कसा ठेवता येईल? (ते पान मात्र पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान आहे, हे कबूल.)

जुनी पोथी

तुमचं दोघांचं चालू द्या, मी इतिहासाच्या बाजूने बोलतो.

त्रिंबकजी निसटणार हे ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही सांगता येईल. त्यामुळे 'निसटेल का' यात रहस्य उरत नाही. ताईंनी ते होडीवर आणि चुगलीवर नेलं हे शहाणपणाचं. दुसरं, गाण्यांच्या गोष्टीवर फार भार टाकू नये. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या त्रिंबकजीला १८२४ मध्ये पाहिलं आणि गाण्याची गोष्ट लिहून ठेवली. म्हणजे घटनेनंतर आठ वर्षांनी, आणि गाणं इंग्रजीत. ताईंनी मोतद्दाराच्या तोंडी घातलेल्या ओव्या त्यांच्या स्वतःच्या आहेत. चांगल्या आहेत, पण प्रस्तावनेत तसं सांगावं.

तिसरं महत्त्वाचं. प्रेमकथेला अनुनय लागतो, आणि १८१६ मध्ये तो करणार कोण? ब्राह्मणाघरी मुलगी कळती होण्याआधी लग्न होऊन सासरी. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, त्यानेसुद्धा वय दहावरून बारावरच नेलं. तिथली विधवा तर माजघराबाहेर येणं मुश्किल. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली १८७१ च्या 'मोचनगड'पासून, आणि तेव्हापासून लेखकांना या अडचणीतून वाट काढावी लागली आहे. कोणी राजकन्या आणली, कोणी पुरुषवेश. इथे नायिका कोळीण आहे. ती बाजारात बसते, परक्या पुरुषाशी चार शब्द बोलते, आणि त्या समाजात विधवेचा पाट (पुनर्विवाह) लागू शकतो. त्यामुळे तिला खरोखरच आशा धरता येते, आणि म्हणूनच फसवणूक बोचते. ही निवड मला फार आवडली.

ऐरोलीची सून

माझं माहेर चेंदणी कोळीवाडा, म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही.

ती फसते हेच मला पटलं नाही. पाचव्या प्रकरणात बघा, तो सुकटीचा वाटा घेतो आणि सांगितलेले पैसे मुकाट देतो. रोज! मासळी विकणाऱ्या बाईला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे हे पहिल्या दिवशी कळतं. माझी आजी अशा माणसाला दुसऱ्या दिवशी भाव वाढवून सांगायची आणि तोंडाकडे बघत राहायची.

आणि होडी. नारळी पुनव झाली की होडी पाण्यात. सप्टेंबरात विधवेची होडी काठावर आडवी पडलीय आणि घरात धडधाकट दीर आहे, असं होईल का? तो ती चालवत असणार. म्हणजे होडी न्यायची तर दिराला कळल्याशिवाय जात नाही. चुगली कोणी केली याचं उत्तर मला तिथेच मिळालं, ताईंना बहुतेक ते अपेक्षित नव्हतं.

भाषेचंही सांगते. तिचं बोलणं पुण्याच्या वाड्यातलं वाटतं. चौदाव्यात ती म्हणते, "तुझे नावच असत्य, मग तुझ्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवू?" आमच्याकडची बाई म्हणेल, "तुजा नाव खोटा, मंग तुजा बोलना खरा कसा मानू?" आणि टोपली उचलून चालायला लागेल.

घोडबंदर रोड

+१ ऐरोलीची सून.
अवांतर: किल्ला म्हणजे आताचं मध्यवर्ती कारागृह, आत जाऊन पाहणं आपल्या हाती नाही. मग तिला ओट्यावर बसून गाणं ऐकू येतं हे ताईंनी कशावरून ठरवलं? पावसात, खाडीच्या वाऱ्यात?

खाडीपलीकडचा

@घोडबंदर रोड, कादंबरी आहे ती, मोजणी खात्याचा नकाशा नव्हे.

@ऐरोलीची सून, तुमचा मुद्दा मला उलटा उपयोगी पडतोय. तिला पहिल्या दिवसापासून कळलं असेल तर फसवणूक दोन्हीकडून आहे. तो होडीसाठी गोड बोलतो आणि ती ओळखून बोलू देते. मग त्याने वाचकापासून काय लपवलं याला अर्थच उरत नाही, कारण त्याला स्वतःलाच अर्धी गोष्ट ठाऊक नाही.

नौपाडेकरीण

हे मात्र गटात कोणाला सुचलं नव्हतं. पण मग पुस्तकात तसं दिसायला हवं ना! तिला कळलंय असं दाखवणारी एकही ओळ नाही. भाव वाढवून तोंडाकडे बघणं ताईंनी लिहिलेलं नाही, ऐरोलीच्या सूनबाईंनी लिहिलंय. चांगल्या वाचकाने घातलेली भर लेखिकेच्या खात्यात जमा करायची नाही.

तबेल्यातल्या रात्रीबद्दल माझं मत कायम आहे. होडी आणि दिराचा मुद्दा ताईंना कळवते. ऐरोलीची सून, ते संवाद तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? व्यक्तिगत निरोप केलाय.

ऐरोलीची सून

घालते. पण दिराचं नाव आधी बदलायला सांगा, आमच्यात असं नाव कोणी ठेवत नाही.