मिरचीची रोपं उगवतात झकास, पण नंतर माना टाकतात. काय करू?

मिरचीवेडा
नमस्कार मंडळी, बियांपासून मिरचीची रोपं करतोय, त्याच ट्रेच्या एका कडेला थोडे टोमॅटो पण आहेत. उगवण मस्त झाली, तक्रार नाही, पण त्यानंतर सगळं अडलंय. काही रोपं नुसती उंच सुटलीत, देठ पांढुरका आणि दोऱ्याएवढा, सगळी खिडकीकडे झुकलेली. काही रात्री चांगली ताठ असतात आणि सकाळी बघावं तर आडवी पडलेली. आणि राहिलेली जगलीत म्हणायचं पण वाढत नाहीत, पहिल्या दोन पानांवरच थांबलीत आणि आता ती पानं पण पिवळी पडायला लागली. मिश्रण कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं आहे, सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी देतो, उब राहावी म्हणून ट्रेवर प्लॅस्टिकचं झाकण आहे. वेगळं खत अजून काहीच दिलेलं नाही. द्यायचं का? दिलं तर कुठलं?

हिरवाकोपरा
पिवळी पडतायत म्हणजे नायट्रोजन कमी आहे. १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारखं असलेलं खत) पाण्यात विरघळवून द्या, फरक दिसेल.

वाफसा
थांबा थांबा, खत नको एवढ्यात!! निम्मं गांडूळखत आहे त्यांच्या मिश्रणात, एवढ्याशा रोपाला ते आधीच जड होतंय, त्यावर अजून क्षार ओतले तर आहेत ती मुळं पण जळतील. मिरचीवेडा दादा, तुमच्याकडे एक नाही तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत, त्या एकत्र बघू नका.

पहिली, आडवी पडणारी रोपं. ही मर आहे, रोपवाटिकेत सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशी मिश्रणात असतातच, त्यांना फक्त ओल, थंडावा आणि कोंदट हवा मिळायचा अवकाश. पडलेलं एक रोप उचला आणि देठ मातीला टेकतो तिथे नीट बघा, चिमटीत धरून दाबल्यासारखा बारीक झालेला आणि तपकिरी पाणचट दिसला तर शंकाच नको. ते रोप गेलं, त्याच्यावर काही औषध नाही. आता बाकीची वाचवायची. झाकण आजच काढा, ते फक्त कोंब वर येईपर्यंत असतं, निम्मी रोपं वर आली की काढायचं असतं. मेलेली रोपं आजूबाजूच्या चिमूटभर मिश्रणासकट काढून टाका, आणि छोटा पंखा लांबून लावा, पानं जरा हलली पाहिजेत एवढाच.

दुसरी, उंच सुटलेली. उजेड कमी, बास, दुसरं कारण शोधू नका. आणि वर झाकणाची उब, म्हणजे वाढायला गरमी आहे पण उजेड नाही, मग रोप उजेड शोधत नुसतं लांबत जातं. आपल्या डोळ्याला खिडकीत लख्ख वाटतं पण रोपाला ते पुरत नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते, पानांपासून साधारण वीतभर वर, दिवसाला १४ ते १६ तास, आणि रात्री अंधार द्यायचा.

तिसरी, थांबलेली पिवळी रोपं. इथे मला मुळांचा संशय आहे. एक रोप बळी द्या आणि मूळ पाण्यात हलकेच धुवा. पांढरं आणि लव असलेलं मूळ असेल तर चांगलं. तपकिरी असेल आणि बोटांनी ओढल्यावर वरची साल सटकून आत नुसता दोरा राहत असेल तर मूळ कुजलंय. मग पाण्यातून कितीही नायट्रोजन द्या, वर जाणार कुठून?

हिरवाकोपरा
गांडूळखताचं प्रमाण माझ्या लक्षात आलं नाही, बरोबर आहे तुमचं. पण मग पाणी द्यायचं कसं, रोज दोनदा स्प्रे तर बरेच जण मारतात की

पानफुटी
स्प्रेच तर घोळ करतो ताई. वरचा थर कायम ओला म्हणजे बुरशीला तेच पाहिजे, आणि खाली पाणी पोचलंय का नाही ते कळत नाही. कोकोपीटचं उलटं पण होतं, वरून कोरडं फटफटीत दिसतं आणि तळाला चिखल असतो, वरून बघून पाणी दिलं की संपलं. ट्रे उचलून वजन बघायची सवय लावा, हलका लागला तरच खालच्या थाळीत पाणी घालायचं, पंधरा-वीस मिनिटं शोषू द्यायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं. दोन पाण्यांच्या मध्ये वाफसा, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती, आलाच पाहिजे (वरच्या दादांच्या नावाची जाहिरात नाही ही 😄).

अजून एक, ट्रे हलवल्यावर बारीक काळी चिलटं उडतात का? त्यांच्या अळ्या मिश्रणात राहतात आणि कोवळी मुळं खातात, रोप का थांबलंय ते वरून कळतच नाही. पिवळं चिकट कार्ड लावून ठेवा, कळेल. त्याने मोठी चिलटं अडकतात, अळ्या मात्र वरचा थर कोरडा ठेवला तरच कमी होतात.

मिरचीवेडा
धन्यवाद सगळ्यांना. झाकण काढलं, पंखा लावला. पडलेल्या रोपांचे देठ अगदी तसेच निघाले, मातीजवळ बारीक आणि तपकिरी. पिवळ्यातलं एक उपटलं तर मूळ कुजलेलं नाही पण अगदी तोकडं, टोकं जळल्यासारखी करपलेली. चिलटं नाहीत. आता हे काय? आणि लांब झालेली रोपं फेकायची का खोल लावायची?

वाफसा
टोकं करपलीत म्हणजे क्षार जास्त झालेत. गांडूळखताचे असतील नाहीतर कोकोपीटचे, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियम भरपूर असतं, त्याची दाबलेली वीट भिजवून फुलवली म्हणजे ती धुतली असं होत नाही, पाणी दोन-तीनदा बदलून पिळून काढावं लागतं. ही रोपं नवीन मिश्रणात हलवा, धुतलेलं कोकोपीट तीन भाग आणि गांडूळखत जास्तीत जास्त एक भाग, त्यात थोडं परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) असेल तर उत्तम. हलवताना देठाला धरू नका, पानाला धरा, पान गेलं तर दुसरं येतं. नवीन मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलं तर चालेल, पण ते आधीचं राखणदार आहे, मर लागल्यावर टाकून चमत्कार होत नाही.

लांब रोपांचं म्हणाल तर टोमॅटो बिनधास्त खोल लावा, त्याच्या देठाला मुळं फुटतात. मिरचीला तशी पटकन फुटत नाहीत, तिला पहिल्या दोन पानांच्या खालपर्यंतच पुरा आणि उजेड वाढवा. लांबलेला देठ परत आखूड होत नाही, पण पुढची वाढ गुटगुटीत येईल.

हिरवाकोपरा
आणि खत कधी मग?

वाफसा
खरी पानं, म्हणजे त्या पहिल्या दोन गुळगुळीत पानांनंतरची, दोन जोड्या आल्या की. पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, आणि आधी साधं पाणी देऊन. तेव्हा तुमचं १९:१९:१९ चालेल. त्यानंतर खालची पहिली दोन पानं पिवळी होऊन गळली तर घाबरू नका, त्यांचं काम झालेलं असतं.

मिरचीवेडा
ओके. कोकोपीट धुवायला घेतलंय, पहिलं पाणी तर चहासारखं निघालं.

पानफुटी
रंगाचं काय नाय, तो निघतच राहतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर शेवटच्या पाण्यात बुडवा, नळाच्या पाण्याच्या आसपास आकडा आला की थांबा.