रात्री दोन वाजता ‘बिल्डिंग रिकामी करा’ म्हणाले, तर उंदीर कशातून न्यायचे?

चौथा_मजला

‘उंदीर कोण पाळतं?’ हा प्रश्न माझ्या मावशीने, वॉचमनने आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारून झालाय, तेव्हा तो इथे नको. माझ्याकडे चार नर आहेत. ठेचा, झुणका, पिठलं आणि भाकरी. एकेक जवळपास अर्ध्या किलोचा.

आमची बिल्डिंग ठाण्यात कोपरीला, चाळिशी उलटलेली. महापालिकेच्या यादीत सी-२बी, म्हणजे रहिवासी न हलवता दुरुस्ती करायची. ती दुरुस्ती मीटिंगच्या इतिवृत्तात सुरू आहे. गेल्या जुलैत एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा स्लॅब कोसळला आणि दोनच्या सुमारास अग्निशमन दलाची माणसं दारं वाजवत वर आली. वीज तोडलेली, लिफ्ट बंद, जिन्यात मोबाइलचा उजेड. आई ७४ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. माझा एक हात तिचा. उरलेला हात चार उंदरांचा.

घरचा पिंजरा तीन फुटी लोखंडी. तो उभाच्या उभा बेडरूमच्या दारातून बाहेर निघत नाही, हे मला त्या रात्री कळलं. शेजारणीने तिच्या मांजराची कापडी बॅग दिली. तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर आत कुरतडण्याचा आवाज यायला लागला. रात्रीपुरती सोय केलेल्या शाळेत पोचेपर्यंत बॅगेच्या कोपऱ्याला भोक पडून भाकरीचं तोंड बाहेर आलं होतं. उजाडेपर्यंत त्या भोकावर तळहात ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी घरी परतलो.

तेव्हापासूनचं माझं मत : घट्ट झाकणाचा, क्लिपवाला, २५-३० लिटरचा प्लास्टिकचा साठवणीचा डबा. समोरासमोरच्या दोन बाजूंना आणि झाकणाला खिडक्या कापून त्यांवर अर्ध्या इंची लोखंडी जाळी, नटबोल्ट आणि वॉशरने आवळलेली. तळ सलग. चौघं एकाच डब्यात. बाकी पिंजरे, पाऊच, स्लिंग सगळं फोटोपुरतं. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडावं, त्यासाठीच लिहिलंय.

तारेवरचा

ताई, भांडतो. जुलैमध्ये प्लास्टिकचा डबा म्हणजे कुकर. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीतून सोडतो. तिशीच्या वर पारा गेला आणि वारा नसला की तो आडवा पडून धापा टाकायला लागतो. आणि आपल्याकडची दमट हवा! चार जणांचा श्वास, चार जणांचं मूत्र, तीन खिडक्या. तासाभरात आतून झाकण ओलं होईल. पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या फुफ्फुसांत मायकोप्लाझ्मा हा जिवाणू मुक्कामाला असतोच. ताण आला, अमोनिया नाकात गेला की शिंका आणि नाकाडोळ्यांतून लाल स्राव.

मी ऐरोलीत राहतो, तीन माद्या आहेत. माझं मत तारेच्या घडीच्या पिंजऱ्याला. दोन तारांमधली फट अर्ध्या इंचाच्या आतली हवी, कारण मादीचं आणि पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून सगळं अंग जातं. हवा चारही बाजूंनी. वरून ओला टॉवेल टाकला की झालं.

चौथा_मजला

आणि खाली काय? तारेच्या पिंजऱ्याचा ट्रे दीड इंचाचा. जिना उतरताना तिरका झाला की लेंड्या आणि मूत्र माझ्या आईच्या पायावर. वरून पाऊस तो वेगळाच. घडीचा पिंजरा मीही घेतला होता. अंधारात उघडायला बसा, एक कडी लागते तर दुसरी सुटते.

तारेवरचा

घडीचा म्हणजे ऐनवेळी उघडायचा असं नाही हो. पावसाळाभर माझा उघडलेलाच असतो.

पारसिककर

इथे सगळे पिंजऱ्यांच्या फटी मोजताहेत म्हणून एक कडू बोलतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि आम्ही कळव्यात छातीभर पाण्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना खांद्यावर घेऊन काढत होतो. पाणी ओसरल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप आला. तो उंदरांच्या मूत्रातून येतो. १९९४ च्या सुरतेच्या प्लेगनंतर तर आमच्या घरी मेलेला उंदीर दिसला तरी बाबा सगळ्यांना बाहेर काढायचे. अशा वेळी शाळेच्या वर्गात साठ माणसं, तान्ही बाळं, आणि तिथे तुम्ही चार उंदीर घेऊन येणार? तुमच्या भावना मान्य, पण तुमचा डबा माझ्या नातवापासून किती फुटांवर असेल तेवढं सांगा. गणपतीचं वाहन वगैरे ठीक आहे, वाहनाला वाहन कशाला?

घणसोली_१५

काका, शेवटच्या वाक्याला टाळी, पण मुद्द्याला नाही. अमेरिकेत २००५ मध्येच कतरिना वादळ आलं. पाळीव प्राणी नेऊ देत नाहीत म्हणून कितीतरी माणसं घर सोडायला तयार झाली नाहीत. त्यातून २००६ साली तिथे कायदा झाला की राज्यांनी सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचीही सोय धरावी. तिथल्या आपत्ती खात्याच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, पक्षी, सशाच्या जोडीला कृंतक म्हणजे कुरतडणारे प्राणीही नावानिशी आहेत. साप नाहीत, मासे नाहीत, उंदीर आहेत! आपल्याकडे तसं काही नसलं तरी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्रास होईल अशा रीतीने प्राणी वाहून नेणं आणि हालचालही करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हे दोन्ही गुन्हे आहेत.

माझा मुद्दा वेगळा. आमच्या बाजूला पुरापेक्षा एमआयडीसीतल्या कारखान्यांची भीती. डोंबिवलीत २०१६ ला आणि पुन्हा २०२४ ला मे महिन्यात स्फोट झाले, तेव्हा आसपासच्यांच्या खिडक्यांच्या काचा घरात आल्या. अशा वेळी पंधरा मिनिटंही मिळत नाहीत. मग तार की प्लास्टिक याला अर्थ उरत नाही. तुमचे उंदीर हाक मारल्यावर त्या डब्यात जातात का, एवढंच बघा. माझी दोघं जात नव्हती. पलंगाखालून काढता काढता झाडू मोडला.

खिडकी_उघडी

एवढा काथ्याकूट कशाला? हार्डवेअरच्या दुकानात उंदराचा पिंजरा मिळतो ना, तारेचा, वर कडी असलेला. स्वस्त, हलका, हवेशीर. खास उंदरांसाठीच बनवलेला :)

तारेवरचा

तो सापळा आहे. स्मायली टाकल्याने पिंजरा होत नाही.

खिडकी_उघडी

अर्धी चेष्टा, अर्धं खरं विचारतोय. रात्री दोनला कोपऱ्यावरच्या काकांचं दुकान उघडून घेतलं तर तिथे तोच मिळेल, तुमचा वॉशरवाला डबा नाही.

पनवेलची_पशुवैद्य

काथ्याकूट चालू द्या, पण सापळा नको. त्याचं दार स्प्रिंगवर आपटतं, शेपूट सापडली तर कातडी सोलून निघते. आतल्या तारांची टोकं उघडी असतात. आणि वापरलेला असेल तर त्यात बाहेरच्या उंदराचं मूत्र सुकलेलं असतं. पारसिककर काका, तुमच्या लेप्टोचा संबंध इथे येतो. घरात जन्मलेल्या, रानटी उंदराशी संपर्क न आलेल्या उंदराकडून धोका कमी, पण शून्य नाही. त्याला पुराचं पाणी लागलं, शाळेच्या आवारातल्या उंदरांशी गाठ पडली, की तो ‘घरचा’ राहत नाही. तेव्हा प्राणी कोरडा ठेवणं हे त्याच्यासाठीही आणि शेजारच्या बाळासाठीही. हातावर ओरखडा असेल तर डबा साफ करताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

आता डब्याबद्दल. चौथा_मजला ताई, तुमचा आराखडा चांगला आहे पण जाळी कुठल्या बाजूने लावली ते लिहिलं नाहीत. गुळगुळीत सपाट प्लास्टिकवर उंदराचे दात बसत नाहीत, त्याला धरायला कड लागते. खिडकी कापली की तुम्हीच त्याला कड करून दिलीत. म्हणून जाळी आतून, आणि कापलेल्या कडेच्या दोन बोटं पुढेपर्यंत. बाहेरून लावलीत तर झुणका रात्रभरात खिडकी मोठी करून देईल.

तारेवरचांची उष्णतेची काळजी खरी आहे. बसस्टॉपवर उन्हात किंवा बंद गाडीत डबा ठेवलात तर तीन खिडक्या पुरणार नाहीत. पण सामानाच्या ढिगात तारेचा पिंजराही तितकाच बंद होतो. ओला टॉवेल पूर्ण झाकून टाकू नका, त्याने आत नुसती वाफ कोंडते. अर्धा डबा झाकायचा, आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात, म्हणजे ज्याला हवं तो टेकेल.

तळाला लाकडाचा भुसा नको, पाइनचा तर अजिबातच नको. जुन्या सुती साडीचे तुकडे घाला, दोरे सुटलेले कापून टाका, बोटात अडकतात. पाण्याची बाटली हलत्या डब्यात ठिबकत राहते आणि सगळं ओलं करते, म्हणून वाटेत काकडीच्या फोडी, मुक्कामी पोचल्यावर बाटली. खाणं एकाला दिवसाला १५-२० ग्रॅम धरा, चौघांना आठवड्याला अर्धा किलोच्या थोडं वर. एवढं डब्याच्या झाकणालाच पिशवीत बांधून ठेवता येतं.

चौथा_मजला

जाळी बाहेरून लावली होती. आत्ता जाऊन बघितलं. काही बोलत नाही.

डॉक्टर, चौघं एकत्र की दोन-दोन? एकाच डब्यात ठेवले आणि तो पडला तर सगळेच गेले, असं मैत्रीण म्हणते.

पनवेलची_पशुवैद्य

रोज एका ढिगात झोपत असतील तर एकत्र. घाबरलेला उंदीर ओळखीच्या वासाला चिकटतो. एकटा काढलात तर त्याचं खाणं सुटतं. आजारी असेल तो वेगळा, पण शेजारी, वास येईल असा. नवीन आणलेला असेल तर त्याला जुन्यांच्या डब्यात टाकायची ही वेळ नव्हे. बाकी दोन डबे म्हणजे दोन हात, आणि तुमचा एक हात आईंना आहे असं तुम्हीच लिहिलंय.

सुईदोरा

हातांवरूनच बोलते. वाशीहून. मांजरांसाठी ती पारदर्शक घुमटवाली पाठीवरची बॅग मिळते, ती घेऊन पस्तावले. घुमट तापतो आणि बाकी सगळं कापड. पण पाठीवर घ्यायची कल्पना चुकीची नाही. मी ट्रेकिंगची जुनी सॅक काढली, तिच्या पुढच्या बाजूचं कापड कापलं, मच्छरजाळी शिवली आणि आत कडक डबा बसवला. उंदराचा दात जाळीपर्यंत पोचतच नाही, मध्ये डबा आहे. दोन्ही हात मोकळे. एक हात कठड्याला, एक आईंना.

तारेवरचा

म्हणजे डबा, त्याबाहेर कापड, त्याबाहेर तुमची घामेजलेली पाठ. हवा कुठून येणार? मला हे पटणं शक्य नाही.

सुईदोरा

चार जिने उतरायला लागतात पाच मिनिटं. खाली उतरले की डबा बाहेर. पाठीवर घेऊन सिंहगड चढायचा नाहीये.

तारेवरचा

आणि खाली उतरल्यावर पुढे? रिक्षा मिळेपर्यंत वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाण्यात उभे राहाल अर्धा तास. तेव्हा डबा बाहेर काढून ठेवणार कुठे, डोक्यावर?

घणसोली_१५

डोक्यावर ठेवला तर हवा उत्तम येईल. (मारू नका.)

पारसिककर

डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं, बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही, म्हणजे पूर्ण नाही. वर्गात बाळं असतील तर उंदीर त्या वर्गात नको, व्हरांड्यात. ‘माझा उंदीर स्वच्छ आहे’ हे प्रत्येक पाळणारा सांगणार, ते मी कसं तपासू? पण सलग तळाचा, न ठिबकणारा, बंद डबा कोणी आणला आणि तो माझ्या उशाशी ठेवला नाही, तर मी भांडायला उठणार नाही. तारेचा पिंजरा आणलात तर उठेन. तारेवरचा साहेब, तुमचा ट्रे दीड इंची.

तारेवरचा

काका, वीतभर उंचीच्या पसरट टबमध्ये तो पिंजरा ठेवून नेला तर?

पारसिककर

तर मग तो डबाच झाला की.

तारेवरचा

वरून उघडा डबा. हवेशीर. मी माझ्या मतावर ठाम आहे.

घणसोली_१५

माझ्या झाडूच्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही.

पनवेलची_पशुवैद्य

राहिलं खरं. डबा कपाटावर ठेवू नका. झाकण काढून पिंजऱ्याच्या आत किंवा बाजूला कायम ठेवा, त्यातच रात्रीचा आवडीचा खाऊ द्या. महिन्याभरात तिथे झोपायला लागतील. खाऊच्या आधी दर वेळी तोच आवाज करा, चमचा वाटीवर वाजवलात तरी चालतो. सायरनच्या गोंगाटात हाक ऐकू जाईल की नाही सांगता येत नाही, पण झोपलेले असतील तेव्हा ते आधीच डब्यात असतात, नुसतं झाकण लावायचं. फक्त एक. उंदीर रात्री जागे असतात आणि तुमच्याकडे माणसं दोनला आली होती. म्हणून संध्याकाळीही सवय करा.

चौथा_मजला

सगळ्यांचं वाचलं. रविवारी नवीन डबा आणला, ३० लिटरचा, जाळी आतून. सॅक भावाची सापडली, पण डबा तीत आडवाच बसतो आणि आडवा बसला की झाकणाची खिडकी माझ्या पाठीला. म्हणून सॅक रद्द, सुईदोरा, माफ करा. त्याऐवजी डब्याला शाळेच्या दप्तराचा रुंद पट्टा बोल्टने लावलाय, खांद्यावरून तिरका घ्यायचा. पारसिककर काका, तळ वीतभर उंच सलग आहे, पाणी ओतून तपासला. व्हरांडाही मान्य, मांजर नसेल तर.

काल रात्री लिफ्ट न वापरता, दिवे बंद करून, आईला धरून खाली उतरून बघितलं. चमचा वाजवल्यापासून गेटपर्यंत ११ मिनिटं. त्यातली ६ पिठल्याने घेतली, तो फ्रिजमागे होता. आई म्हणाली, पुढच्या वेळी तू उंदीर गोळा कर, मी आपली आधीच निघते.

वॉचमनने विचारलं, मॅडम डब्यात काय? मी म्हटलं, ठेचा-भाकरी.